तळाच्या पत्र्यावरची बाविसावी ओळ

हातात काहीही आलं की हिराजीदादा आधी ते उलटं करून बघत. चहाची बशी, लग्नाची पत्रिका, औषधाचं पाकीट, काहीही असो. पुढची बाजू नंतर. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना माझं कार्ड दिलं. वर माझं नाव, खाली 'जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरची दुरुस्ती', कडेला सोनेरी रेघ. मी त्या कार्डावर फार खूश होते. दादांनी ते घेतलं, लगेच उलटं केलं, मागे काहीच नव्हतं. "ह्याला पाठ नाय," असं म्हणून त्यांनी ते मला परत दिलं. मला राग आला. मला राग पटकन येतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो, असं माझ्या घरचे सगळे सांगतात.

ही भेट कळंबोलीच्या लोखंड बाजारात झाली. मी अॅल्युमिनियमचा पत्रा घ्यायला गेले होते आणि दादा एका उलट्या डब्यावर बसून डंपरच्या दारावर मालकाचं नाव रंगवत होते. ब्रश धरलेला हात दुसऱ्या हातातल्या काठीवर टेकलेला, ओठ मिटलेले, आणि अक्षर असं उतरत होतं की मी पत्रा बाजूला ठेवून बघत उभी राहिले. तीन आठवडे मी नेमका असा माणूस शोधत होते. साठ-साठ वर्षांचे अँप्लिफायर माझ्याकडे येतात. आतल्या तारा, काचेच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर हे माझं काम. पण त्यांची चॅसी, म्हणजे ज्या पत्र्याच्या पेटीवर हे सगळं बसतं ती, गंजलेली असते, पोचे आलेले असतात, आणि बटणांखालची अक्षरं उडालेली असतात. एका नगासाठी छपाईवाला दारात उभं करत नाही. मशीनवर कोरून घेतलं तर ते शाळेतल्या बक्षिसासारखं दिसतं. ते हातानंच लिहावं लागतं, आणि तसं लिहिणारं कुणी उरलेलं नव्हतं.

दादा मूळचे गव्हाणचे. वडिलांपासून होड्या रंगवायचं काम. खाडी बुजत गेली, होड्या कमी झाल्या, तसे ते ट्रककडे वळले. पनवेलला मिरची गल्लीच्या मागे माझा गाळा आहे, तिथे ते आठवड्यातून तीन दिवस येऊ लागले. मी त्याआधी तळोज्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि लाल शिक्का मारायचा, एवढंच काम. कारखाना बंद झाला, सवय राहिली. पहिल्या दिवशी दादांनी केलेली चॅसी मी भिंग घेऊन तपासायला बसले. एक चूक सापडली नाही. दादा चहा पीत शांतपणे बघत होते. "आता पलटी करा," ते म्हणाले.

मी उलटी केली. जी बाजू कुणाला कधी दिसणार नाही, जिच्यावर तळाचा पत्रा बसून ती बंद होणार, ती आतली बाजूसुद्धा तेवढीच घासलेली, तेवढीच नितळ रंगवलेली होती. मी विचारलं, कशाला एवढे कष्ट? दादा म्हणाले, "पानी तलाला लागतं ताई, नावाला नाय." होडीचं नाव काठावरची माणसं बघतात, पण समुद्रात होडी टिकते ती तळावर, असा त्यांचा हिशेब. पुढे मी ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटले. आमच्याकडे आतूनही काम होतं, असं मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

त्यांची आणखी एक रीत होती. त्यांच्या घरात जुन्या नावावर नवं नाव कधी लिहीत नसत. आधी लाकूड दिसेपर्यंत खरवडायचं. आणि खरवडण्याआधी पुसायचं ते नाव एकदा मोठ्यानं वाचायचं. "आमचा बापूस बोलायचा, पुसाच्या आदी त्याला हाक मार. नायतर त्यो चोरून पुसल्यावानी होतं." माझ्या गाळ्यातही ते तेच करत. गंजक्या पत्र्यावरचं पुसट अक्षर बोटानं धरून, एकेक इंग्रजी अक्षर जुळवत, वर्गात उभं केल्यासारखे वाचत: "व्हॉ-ल्यूम. बास. ट्रे-बल." मग रंग काढायचं औषध लावत. मला हसू यायचं. शेजारच्या गाळ्यातला झेरॉक्सवाला तर त्यांची नक्कल करायचा. दादांना त्याचं काही नव्हतं.

अक्षरांबद्दल ते अशा तऱ्हेनं बोलत की जणू ती त्यांच्या नात्यातली आहेत. "ह्या 'एम'ला बसाया जागा द्या, त्यो जाडा हाय." "दोन अक्षरांच्या मदी मोकला ठेवाया लागतं, त्याचा जीव घुसमटतं." मी घाई केली की म्हणत, "तुमी बाहेर जाऊन या. तुमी हितं उभ्या हाव तं रंग सुकत नाय." आणि मी खरंच बाहेर जाऊन उसाचा रस पिऊन येत असे. चार वर्षं हे असं चाललं. चांगली वर्षं होती ती. आता लिहिताना ते कळतंय.

मग संक्रांतीनंतरच्या आठवड्यात कर्णिक काकू आल्या.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वडाळे तलावाजवळ राहणाऱ्या, एकट्या. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं बांधलेला एक व्हॉल्व्ह अँप्लिफायर होता, तो काकूंनी रिक्षात मांडीवर घेऊन आणला. चालू करून द्या, वरून छान करून द्या, म्हणाल्या. आणि निघताना दारात थांबून म्हणाल्या, "एक करा. तळाचा पत्रा आतून तसाच ठेवा. दर खंडेनवमीला हे तो उघडून धूळ पुसायचे आणि पत्र्यावर आतून सुईनं एक ओळ कोरायचे. काय लिहायचे देव जाणे. माझ्याच्यानं ते स्क्रू निघत नाहीत. तुम्ही उघडाल तेव्हा मी येऊन वाचीन म्हणते." मी हो म्हटलं. एका चिठ्ठीवर लिहूनही घेतलं: 'कर्णिक. तळाचा पत्रा आतून हात लावू नये. यजमानांचं अक्षर आहे.' ती चिठ्ठी माझ्या एप्रनच्या खिशात टाकली.

पुढे काय झालं ते सांगायला मला लाज वाटते, म्हणून सरळच सांगते. त्याच दुपारी मला दुसऱ्या कामासाठी ठाण्याला जावं लागलं. मी घाईघाईत अँप्लिफायर उघडला. रोजच्या सवयीप्रमाणे वरून, पुढून, तारांचे, सगळे फोटो काढले. तळाचा पत्रा काजळीनं काळा झाला होता, त्यावर काही ओरखडे होते, तो मी फोटो न काढताच बाजूला ठेवला. दोन दिवसांनी व्हॉल्व्ह आणि तारा उतरवून चॅसी आणि तो पत्रा एका गोणपाटात गुंडाळून दादांना दिला. म्हटलं, नव्यासारखं करा दादा, म्हातारीला बरं वाटेल. चिठ्ठीची मला आठवणही राहिली नव्हती. एप्रन धुवायला गेला होता.

सहाव्या दिवशी दादांनी काम आणून टेबलावर ठेवलं. चॅसीला करडा रंग, पुढे पांढऱ्या अक्षरात 'चालू', 'आवाज', 'खर्ज' असं मराठीत. कर्णिकांनी मुळात मराठीतच लिहिलेलं होतं. आणि तळाचा पत्रा आतून-बाहेरून आरशासारखा. मी हात फिरवून म्हटलं, "वा दादा, काय काम केलंत." आणि तेवढ्यात दारात थांबलेल्या काकू डोळ्यासमोर आल्या. सगळं एकदम आठवलं.

"ह्याच्या आत काही लिहिलेलं होतं?" मी विचारलं.

"व्हता की. लई व्हता. वाचला आनि मंग काढला," दादा म्हणाले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय झाला ताई?"

मी म्हणायला हवं होतं, दादा, मी तुम्हाला सांगायला विसरले. तेवढंच वाक्य. पण मी म्हणाले, "ते ठेवायचं होतं दादा."

दादा हळूहळू स्टुलावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "मना इचाराया पायजे व्हता. येवडा कोनी लिवलेला, मी इचारलाच नाय." आणि मी गप्प राहिले. ज्या बाईनं बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर लाल शिक्के मारले, ती गप्प राहिली.

चिठ्ठी मला त्याच संध्याकाळी सापडली. इस्त्रीवाल्यानं खिशातले कागद काढून एप्रनवर टाचणीनं लावून पाठवले होते. शाई फुटली होती, पण वाचता येत होती. मी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली.

दुसऱ्या दिवसापासून दादांनी जे आरंभलं ते बघवत नव्हतं. आधी त्यांनी स्वतःचाच नवा रंग औषध लावून काढला. खाली एखादा ओरखडा उरला असेल म्हणून खडूची भुकटी चोळली, पत्रा दारात उन्हात नेऊन असा तिरका, तसा तिरका धरला. मी बॅटरी मारत होते. पण दादांचं काम नेहमीचंच होतं, म्हणजे पुरतं. एका कोपऱ्यात एक वेलांटी आणि मधे कुठेतरी 'ट' सापडला. 'ट'वर बोट ठेवून दादा कितीतरी वेळ बसले होते. "मी जरा वाईट काम करनारा असतो तं बरा झाला असता," ते म्हणाले. मला रडू आलं आणि मी मोरीकडे गेले.

मग त्यांना ते सुचलं. त्यांनी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली होती. जगात त्या ओळी वाचलेला एकच माणूस होता, तो म्हणजे ते. त्यांनी पत्रा परत रंगवला आणि त्यावर पेन्सिलीनं एकतीस रेघा आखल्या. ओळी एकतीस होत्या हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण मजकूर दिसला की तो किती जागेत बसलाय हे ते आपसूक मोजत. आठवण त्यांना शब्दांनी येत नसे, जागेनं येई. "सातवी आखूड व्हती, हितं संपली." "तेरावी खाली वाकली व्हती, त्यांचा हात हालला असंल." आणि जागा धरून बसलं की कधीतरी शब्द त्या जागेवर येऊन उभे राहत. मग ते आधी मोठ्यानं म्हणत आणि मगच ब्रश उचलत.

काकूंना आठ दिवसांनी यायचं होतं. चौथ्या दिवशी पाच ओळी झाल्या होत्या. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी मूर्खपणा करते. म्हटलं, "दादा, बाकीच्या आपण लिहून टाकू. धूळ पुसली, नवा व्हॉल्व्ह घातला, असंच असणार. कुणाला कळणार आहे?"

"मना कलंल," दादा म्हणाले.

मग मी म्हटलं, निदान अक्षर तरी त्यांच्यासारखं काढा, तुम्हाला येतं कुणाचंही वळण. घरात त्यांची वही, पत्र काहीतरी असेल, मी मागून आणते. दादांनी मान हलवली. "त्यांचा हात त्यांच्यासंगं गेला. मी माज्याच हातानं लिवीन. वाचनाऱ्याला कलाया पायजे, ह्यो दुसऱ्यानं सांगितलेला हाय." त्यावर मी त्यांना बरंच काही बोलले. हट्टी म्हटलं. तुमच्या या हट्टापायी माझं नाव जाईल म्हटलं. पर्समध्ये चिठ्ठी असताना मी हे बोलले. दादा ऐकून घेत होते आणि रेघेवरची धूळ ब्रशनं झटकत होते.

काकू आल्या त्या दिवशी तेरा ओळी होत्या आणि अठरा रेघा रिकाम्या. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काकू खुर्चीत टेकल्या, पाणी प्यायल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत दादा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "आजी, माज्या हातून पुसला गेला. मी न इचारता पुसला. जेवडा मना आठवला तेवडा लिवलाय. ज्यो नाय आठवला त्यो मोकला ठेवलाय."

काकूंचा चेहरा मला अजून दिसतो. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी कदाचित बोलले असते. त्यांनी फक्त विचारलं, "सगळंच गेलं?" मग चष्मा लावून पत्रा मांडीवर घेतला आणि वाचू लागल्या.

'धूळ पुसली. सगळं ठीक.' 'नवा व्हॉल्व्ह. आवाज गोड झाला.' 'वडील गेले. यंदा पूजा नाही, नुसता पुसला.' 'मीनू सासरी. घर मोठं वाटतं.' 'कथलाचा डाग नीट बसेना. हात थरथरतो.' काकू एकेक ओळ वाचून थांबत होत्या. मग एका ओळीवर त्या अडखळल्या. ती ओळ लिहूच नका, असं मी दादांना सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं नव्हतं. 'हिच्याशी चार दिवस बोललो नाही. चूक माझी.'

"चार नाही, सहा दिवस," काकू म्हणाल्या, आणि हसल्या, आणि हसतानाच डोळे पुसू लागल्या. "हे त्यांचंच आहे. मला कधी म्हणाले नाहीत हो. इथे लिहून ठेवलं." दादांनी सुटकेचा श्वास टाकला. पण काकू पुढे बोलत राहिल्या, दादांकडे नाही, पत्र्याकडे बघून. "एवढी वर्षं हा माणूस दर खंडेनवमीला माझ्यासमोर बसून लिहीत होता. मी तिथेच भाजी निवडत बसलेली असायची. एकदासुद्धा विचारलं नाही, काय लिहिता म्हणून. एकदासुद्धा नाही. हे मला खातं."

दादांनी ते ऐकलं. मी बघत होते, त्यांची नजर पत्र्यावर मधेच एका रिकाम्या रेघेवर गेली आणि तिथेच थांबली. काकू गेल्यावर म्हणाले, "ताई, ती बाविसावी. ती लांब व्हती. 'हिने'नं सुरू होत व्हती. आजींचाच काय तरी व्हता त्याच्यात."

त्या दिवसापासून तो माणूस त्या एका ओळीमागे लागला. 'हिने', आणि पुढे काही नाही. सकाळी फोन यायचा, "ताई, 'हिने आज'. 'आज' व्हता." मग पंधरा दिवस शांतता. मग पुन्हा, "नाय, अजून नाय." मी नवी चॅसी दिली तर हात लावीनात. म्हणाले, दुसरा काही वाचला आणि पुसला तर ह्या ओळी त्याच्याखाली जातील. होळी गेली, पाडवा गेला. माझ्या फळीवर सहा चॅसी उघड्या पत्र्याच्या पडून होत्या. दादा गाळ्यात येऊन रिकामे बसत, एक कोरा पत्रा समोर धरून, बोटानं हवेत बाविसाव्या ओळीची लांबी मोजत. जेवण कमी झालं. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलताना दिसू लागली. त्यांची सून, भारती, एकदा मला बाजारात भेटली. म्हणाली, "ताई, यांना काय झालाय? घरान पन बोलत नाय. भितीवर बोटानं लिवत बसतान."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे. रोज स्वतःला एक कारण द्यायचे, आणि कारण मोठं शहाणपणाचं असायचं: मी सांगितलं तर दादा शोधणं सोडतील, आणि मग काकूंची ओळ कायमची जाईल. म्हणजे बघा, मी जणू काकूंसाठीच गप्प होते. खरं कारण एवढंच होतं की दादा माझ्याकडे ज्या नजरेनं बघत ती मला गमवायची नव्हती.

पावसाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. गणपतीनंतर दवाखान्यातून घरी पाठवलं तेव्हा आता घरीच राहू द्या असं सांगून पाठवलं होतं. भारतीचा फोन आला. मी त्या सकाळी पर्समधली चेन उघडून चिठ्ठी आहे ना बघितलं आणि गव्हाणला गेले. उलव्याच्या रस्त्यानं रिक्षा जात होती आणि मी मनात वाक्य घोटत होते.

दादा ओटीवर खाटेवर होते. उश्या लावून बसवलेले. मला बघून त्यांचे डोळे असे उजळले की माझं घोटलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "ताई, आली," ते म्हणाले. श्वास घेऊन घेऊन. "बाविसावी आली. काल. कागद काढा, मी आता चुकलो तं जाईल."

मी पर्समध्ये हात घातला. पेन होतं. वही आणली नव्हती. कागद एकच होता. भारतीकडे मागता आला असता, ती आतच होती. पण माझ्या हातात ती चिठ्ठी आली आणि मी ती कोऱ्या बाजूनं मांडीवर ठेवली. दादांनी आधी पूर्ण ओळ मोठ्यानं म्हटली, जेवढं मोठ्यानं त्यांना जमत होतं तेवढं. मग मी लिहिली. 'हिने आज विचारलं, काय लिहिता. काही नाही म्हटलं.'

"दाकवा," दादा म्हणाले.

मी कागद दिला. तो हातात गेला की उलटा होणार, हे मला चार वर्षं माहीत होतं. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती म्हणून मी कागद दिला, असंच म्हणायला हवं. त्यांनी माझी ओळ वाचली, मान हलवली, आणि चिठ्ठी उलटी केली.

ते बराच वेळ वाचत होते. तीनच वाक्यं होती. धुतलेली, फुटलेली शाई.

"अक्षर तुमचा हाय," ते म्हणाले.

"हो."

"कवाचा?"

"काकू पहिल्यांदा आल्या, त्या दिवसाचा. मी तुम्हाला द्यायला विसरले दादा. चूक माझी होती. तुमची नव्हती."

दादांनी चिठ्ठी घडी करून माझ्या हातात परत दिली. समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे हाताच्या उंचीवर चुना बोटानं घासून गुळगुळीत झाला होता. "आट महिने, ताई," ते म्हणाले. एवढंच. आवाज चढला नाही. मी वाट बघत होते की ते काहीतरी बोलतील, शिवी देतील, निघून जा म्हणतील. त्यांनी भारतीला हाक मारली आणि सांगितलं, ताईंना चहा कर. मी तो चहा प्यायले. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, पण उलटी करून बघितली नाही. तशीच बाजूला ठेवली.

सहाव्या दिवशी ते गेले. मी लोकांमध्ये मागे उभी होते. मला क्षमा मिळाली की नाही हे मला माहीत नाही, आणि आता ते विचारायला कुणी नाही. लोक म्हणतात, त्यांनी चहा दिला म्हणजे झालं. लोकांना काय जातं म्हणायला.

खंडेनवमीला मी कर्णिक काकूंकडे गेले. फुलं, हळदकुंकू त्यांनी तयार ठेवलं होतं. मी अँप्लिफायर उलटा करून चार स्क्रू काढले आणि तळाचा पत्रा पाटावर ठेवला. दादांच्या तेरा ओळी, ठसठशीत, मोकळ्या, श्वास घेणाऱ्या. मधल्या पेन्सिलीच्या रेघा तशाच. मी बाविसाव्या रेघेवर दादांच्याच ब्रशनं, भारतीनं तो मला दिला होता, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात ती ओळ लिहिली. लिहिण्याआधी मोठ्यानं वाचली.

काकू भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "मी विचारलं होतं?"

"हो काकू. तुम्ही विचारलं होतं. ते काही नाही म्हणाले."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी त्यांना सावरू दिलं. मग पत्र्याच्या अगदी तळाशी, एकतिसाव्या रेघेखाली, मी आणखी एक रेघ आखली. चिठ्ठी बाहेर काढून शेजारी ठेवली. आणि जे लिहिणार होते ते आधी मोठ्यानं वाचलं: "हा पत्रा पुसला गेला तो माझ्या चुकीने. निरोप माझ्याजवळ होता. हिराजीदादांना मी तो दिला नाही."

काकूंनी चिठ्ठी उचलून वाचली. मग ती पत्र्याशेजारी परत ठेवली. खाली रस्त्यावर झेंडू विकणाऱ्याची हाक येत होती.

"तुमच्या दादांना हे कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"शेवटचे सहा दिवस."

"पुन्हा वाचा," काकू म्हणाल्या. "त्यांच्या नावाला दबला तुमचा आवाज. मोठ्यानं वाचा."

मी पुन्हा वाचलं.